हरलेल्या तलंगेला पळायला वाट हवी : जुन्या कळपात नव्या कोंबड्या मिसळण्याचं एक प्रकरण

परसातल्या जुन्या कोंबड्यांमध्ये नव्या तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या, सोडल्या आणि रक्त निघालं, की घरात पहिला प्रश्न एकच असतो: यातली दुष्ट कोंबडी कोणती? ज्या प्रकरणाबद्दल इथे लिहितो आहे, तिथेही मला बोलावलं ते याच प्रश्नासाठी. कळपातली सर्वांत वरची कोंबडी काढून टाकावी का, एवढंच त्या घरच्यांना विचारायचं होतं. उत्तर "नाही" असं निघालं. पण तिथवर पोचताना जे जे तपासावं लागलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण अशा घटनांमागे बहुतेक वेळा तीच कारणं असतात आणि ती कोंबडीच्या स्वभावात सापडत नाहीत.

कळप, खुराडं आणि ती सकाळ

कळप पाच मोठ्या कोंबड्यांचा. सगळ्या भारी अंगाच्या, दोन ते चार वर्षांच्या; कोंबडा नाही. काळी सर्वांत वरची, तिच्या खालोखाल पट्टेरी, मग दोन तांबड्या आणि सगळ्यांच्या खाली एक म्हातारी पांढरी. दाणा टाकला की कोण आधी येतं आणि कोण थांबतं हे घरातल्या ताईंना पाठ होतं, त्यामुळे हा क्रम त्यांनी न अडखळता सांगितला.

खुराडं पाच फूट बाय चार फुटांचं. त्याला एकच छोटं दार. आत पाच फुटांची एक दांडी आणि कोपऱ्यात अंडी घालायची दोन खोकी. बाहेर जाळी लावलेलं दहा बाय पाच फुटांचं आवार. दाण्याचं भांडं एक, पाण्याचं एक.

त्यात चार तलंगा आल्या. वय सहा आठवडे, जात हलक्या अंगाची, दुसऱ्या एका पाळणाऱ्याकडून आणलेल्या. अंगभर पिसं आली होती, उबेची गरज संपली होती. वजन मात्र मोठ्या कोंबडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं. काही दिवस त्यांना टोपल्याखाली वेगळं ठेवलं आणि मग अनेक जण सांगतात तो उपाय केला: अंधार पडल्यावर एकेकीला उचलून जुन्या कोंबड्यांशेजारी दांडीवर ठेवलं. सकाळी सगळ्या एकत्र जागतील आणि कुणाच्या काही लक्षात येणार नाही, ही अपेक्षा.

सकाळी दार उघडलं तेव्हा एक तलंग अंड्याच्या खोक्यात तोंड भिंतीकडे करून बसलेली होती आणि तिच्या डोक्याच्या मागची कातडी फाटलेली होती. दोघी दाण्याच्या भांड्यामागे दबून होत्या. चौथी पाण्याच्या भांड्याआड, अंग भिजलेलं. काळी दारातच उभी होती. ताईंच्या मुलाने तिथल्या तिथे निकाल दिला की काळीला घालवून टाकू.

जखमी तलंगेची व्यवस्था ताईंनी चांगली केली. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, जंतुनाशक लावलं आणि तिला बाकीच्यांच्या नजरेआड नेलं. डोक्याची कातडी पातळ असते आणि तिथे रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून जखम असते त्याहून भयानक दिसते; स्वच्छ राखली तर भरूनही येते. नजरेआड नेणं मात्र टाळता येत नाही. रक्ताचा लाल रंग दिसला की शांत कोंबडीसुद्धा तिथेच टोचत राहते. मी त्यात एकच भर घातली: तिच्या सोबतीला तिच्याबरोबरची एक तलंग ठेवा. एकटी ठेवली तर काही आठवड्यांनी ती स्वतःच्या सोबतिणींनाही परकी होईल आणि तिला दोनदा मिसळावं लागेल.

रात्रीचा उपाय का फसला

कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून रात्री ठेवलेली नवी तलंग शांतपणे स्वीकारली गेल्यासारखी वाटते. पण कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते प्रामुख्याने डोक्यावरून, तुऱ्याच्या आकारावरून आणि रंगावरून. पहाटेचा पहिला उजेड आत आला की ही ओळख सुरू होते आणि त्या वेळी माणसं झोपलेली असतात. दार बंद, जागा कमी, उजेड वाढत चाललेला. भांडणासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

कोंबड्यांमधला टोचण्याचा क्रम शास्त्रीय पद्धतीने पहिल्यांदा मांडला तो नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब्ब यांनी, १९२१ साली. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळत आले होते. हा क्रम भांडणं वाढवत नाही, वाचवतो. एकदा ठरला की पुढे नजर रोखली, मान उंचावली एवढ्यावर भागतं. पण तो ठरतो दोघी-दोघींमध्ये. प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा लागावा लागतो. पाच जुन्या आणि चार नव्या म्हणजे वीस नव्या जोड्या. हे वीस निकाल वीस चौरस फुटांच्या बंद खोलीत एका पहाटे लागायला निघाले होते.

निकाल लागतो कसा, हे पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं. एक टोच बसते, हरलेली डोकं खाली घालते आणि दूर जाते. तिचं दूर जाणं हीच जिंकणारीसाठी भांडण संपल्याची खूण असते. जिला दूर जाताच येत नाही ती, जिंकणारीच्या लेखी, अजून मागे हटलेली नसते. म्हणून टोचणं चालूच राहतं. खोक्यात शिरलेली तलंग स्वतःच्या समजुतीने लपली होती. मागच्या कोंबडीला ती तोंड फिरवून जागीच बसलेली दिसत होती. त्या खोक्याला दुसरं तोंड असतं तर ती जखम झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून काळीला काढून काही साधलं नसतं. वरची गेली की पट्टेरी वर आली असती, जुन्यांचा आपसातला क्रमही ढवळला असता, आणि खुराडं होतं तेवढंच राहिलं असतं. इथे टोचणं थांबवण्यापेक्षा हरलेल्या तलंगेला हरून निघून जाता येईल आणि हरल्यानंतरही पोटभर खाता येईल, एवढं साधायचं होतं.

उवा निघाल्या

तलंगा हातात घेऊन तपासल्या तेव्हा शेपटीखाली, विष्ठाद्वाराभोवतीच्या पिसांच्या बुडाशी उवांच्या अंड्यांचे पांढरट पुंजके दिसले. पिसं बाजूला केली की पिवळसर उवा पळताना दिसत होत्या. दोन्ही तांबड्यांवरही त्या आता पोचल्या होत्या; नव्यांबरोबर आल्या की आधीपासून होत्या हे सांगता येत नव्हतं. पशुवैद्याच्या सल्ल्याने नऊच्या नऊ पक्ष्यांना औषध लावलं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावलं, कारण पहिल्या वेळी अंड्यांत असलेल्या उवा औषधातून सुटतात आणि मागाहून बाहेर येतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटीही तपासायला सांगितल्या. लाल गोचीडवर्गी किडे, ज्यांना माइट म्हणतात, दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. दिवसा कोंबडी चाचपून ते सापडत नाहीत. इथे ते नव्हते.

बाहेरून आणलेला पक्षी निदान महिनाभर वेगळा ठेवावा, ही गोष्ट अनेकांना अतिरेक वाटते. ताईंनीही विचारलं, "आता एक रात्र एकत्र काढलीच आहे, तर परत वेगळं ठेवून काय उपयोग?" उपयोग होता. संसर्ग किती लागतो हे संपर्क किती वेळ आणि किती जवळून झाला यावर अवलंबून असतं. एका रात्रीचा धोका महिनाभर चालू ठेवायचं काही कारण नाही. श्वसनाचे बरेच आजार ताण पडला की वर येतात, आणि जागा बदलणं हाच मोठा ताण असतो. त्या काळात शिंका, डोळ्यांतून पाणी, सुजलेला चेहरा किंवा घरघर दिसली तर ती वेगळ्या जागेतच दिसावी. शिवाय धोका दोन्ही बाजूंनी असतो. तब्येतीने ठणठणीत दिसणाऱ्या जुन्या कोंबड्यासुद्धा काही रोगांचे जंतू अंगावर वागवत असतात. मरेक रोगाचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि धुळीत बराच काळ टिकतो. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघतं त्याच दिवशी देतात. या तलंगांना ती दिलेली होती, हे ताईंनी आणताना विचारून घेतलं होतं. फार कमी जण विचारतात.

तेव्हा तलंगा परसाच्या दुसऱ्या टोकाला, लांब हलवल्या. त्यांची भांडी वेगळी, झाडू वेगळा, तिथे जाताना घालायची चप्पल वेगळी. रोज आधी जुन्यांचं काम उरकायचं, शेवटी नव्यांचं. उवा गेल्या, जखम भरली, आणि या काळात तलंगा वाढल्या. माझ्या मते तिसरा फायदा सर्वांत मोठा. सातव्या आठवड्यातली तलंग आणि बाराव्या आठवड्यातली तलंग यांत अंगापिंडाचा फरक तर असतोच, पण पळण्याचा, उडून वर बसण्याचा, मोठीची मान वळताच धोका ओळखण्याचा फरक त्याहून मोठा असतो.

जागेचा हिशेब

वेगळं ठेवण्याच्या काळात खुराड्याचं काम काढलं. परसातल्या कोंबडीला आत साधारण चार चौरस फूट आणि बाहेर आठ ते दहा चौरस फूट जागा लागते, दांडीवर आठ ते दहा इंच. पाच कोंबड्यांना वीस चौरस फूट बरोबर पुरत होते. नऊ झाल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वादोन फूटही येत नव्हते. बाहेरचे पन्नास फूट वाटले तर साडेपाच. दांडीवर पावणेसात इंच. म्हणजे सगळ्या कोंबड्या गरीब स्वभावाच्या असत्या तरी रोज रात्री दांडीवर ढकलाढकली ठरलेली होती.

खुराड्याला चार बाय चार फुटांची जोड दिली आणि आवार नव्वद चौरस फुटांपर्यंत वाढवलं. दुसरी पाच फुटांची दांडी समोरच्या भिंतीला, पहिलीच्याच उंचीवर लावली. उंची सारखी ठेवण्यावर मी अडून बसलो, कारण दांड्या खालीवर असल्या की सगळ्यांना वरचीच हवी असते आणि दुसरी दांडी असून नसल्यासारखी होते. जोड दिलेल्या भागाला स्वतंत्र छोटं दार ठेवलं. एका दाराच्या खुराड्यात दारात बसलेली एक कोंबडी आतल्या सगळ्यांना कोंडू शकते; त्या सकाळी काळी नेमकी तिथेच उभी होती.

आवारात आडोसे केले. भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, दोन्ही बाजू उघड्या असलेलं आडवं खोकं, झाडाच्या वाळक्या फांद्यांचा ढीग, एक जाड ओंडका. नियम एकच ठेवला: प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत. ज्यात शिरता येतं पण पलीकडून निघता येत नाही ते खोकं आवारात नकोच. आडोशाचं दुसरं काम नजर तोडण्याचं. पाठलाग करणारी कोंबडी समोरची दिसेनाशी झाली की पुष्कळदा तिथेच थांबते आणि जमीन उकरायला लागते.

दाणा-पाण्याची भांडी दोन-दोन झाली आणि एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसणार नाही अशी ठेवली. शेजारी-शेजारी ठेवलेली दोन भांडी एकच कोंबडी सांभाळू शकते. सगळ्या फेरबदलांत सर्वांत स्वस्तातला आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेला बदल हाच होता.

दाण्याचा प्रश्न

जुन्यांना लेअर खाद्य मिळत होतं. अंड्यावरच्या कोंबडीसाठी त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. वाढीच्या वयातल्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. तिने महिनोन्महिने लेअर खाद्य खाल्लं तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि त्यांना कायमची इजा होऊ शकते. एकत्र कळपात कुणी कुठल्या भांड्यातून खावं यावर कुणाचा ताबा नसतो. म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातल्या पक्ष्यांचं खाद्य, सुरू केलं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला.

ताईंना काळजी वाटली ती जुन्यांच्या अंड्यांची, आणि ती रास्त होती. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते. एक टक्क्याच्या खाद्यातून तिला एक ग्रॅमच्या थोडं वर मिळतं. उरलेलं शिंपल्यांतून यायला हवं, आणि येतं, कारण अंड्यावरची कोंबडी गरज भासली की शिंपल्यांकडे आपणहून वळते. वाटी मात्र कधीही रिकामी पडता कामा नये आणि ती दाण्यात मिसळायची नाही. मिसळली तर वेगळी ठेवण्यामागचं कारणच संपतं. पांढरी सर्वांत खालची असल्याने वाट्याही दोन ठेवल्या.

जाळीच्या दोन बाजू

अकराव्या आठवड्यात तलंगांना मोठ्यांच्या आवारात आणलं, पण मध्ये जाळी ठेवून. दिसायचं, ऐकू यायचं, पण चोच पोचायची नाही. भांडी मुद्दाम जाळीच्या दोन्ही अंगांना जवळ लावली, म्हणजे समोरासमोर उभं राहून खाण्याची सवय होईल. सुरुवातीला काळी आणि पट्टेरी जाळीवर चालून जायच्या, मान फुगवून. मग येरझाऱ्या उरल्या. मग तेही कमी झालं. आपण किती दिवस मोजले याला इथे किंमत नाही. जाळीपाशी मोठी कोंबडी पाठ करून निवांत उकरते आहे आणि पलीकडे तलंगा पिसं साफ करत पडल्या आहेत, हे रोज दिसू लागलं की पुढे जायचं. इथे ते दोन-तीन आठवड्यांत दिसलं.

याच काळात या प्रकरणातला सर्वांत नाजूक प्रसंग आला. ताईंचा मुलगा दर आठवड्याला तलंगांचं वजन करत होता आणि सगळ्यांत लहान तलंगेचं वजन वाढायचं थांबलं. ती मान आखडून, पिसं फुलवून एका बाजूला उभी राहायची. घरच्यांनी लगेच म्हटलं, मोठ्यांच्या धाकाने खचली. एकत्र कळपात असती तर मीही कदाचित तिकडेच बघितलं असतं, पण मध्ये जाळी होती. तिला कुणी टोचत नव्हतं, भांड्यावर कुणी अडवत नव्हतं. संध्याकाळी तिची गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहिली तर अर्धीच भरलेली, सोबतच्या तिघींची टच्च. म्हणजे दाणा समोर असून ती खात नव्हती. दबलेली कोंबडी संधी मिळाली की अधाशासारखी खाते. आजारी कोंबडी संधी असूनही खात नाही. हा फरक डोळ्यांआड झाला तर आजारावर भांडणाचा उपाय होत राहतो आणि पक्षी हातचा जातो.

विष्ठा तपासल्यावर कॉक्सिडिओसिस निघाला, ज्याला रक्ती हगवण म्हणतात. नाव तसं असलं तरी प्रत्येक वेळी रक्त दिसतंच असं नाही. हिच्या विष्ठेत दिसत नव्हतं. हा आयमेरिया नावाच्या परजीवीचा आजार. त्याच्या बीजकोश्या ओल्या, उबदार जमिनीवर एक-दोन दिवसांत संसर्ग करण्याजोग्या होतात. जुन्या कोंबड्यांना त्या आवारातल्या जातींविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली असते, नव्या जमिनीवर आलेल्या तलंगांना नसते. पशुवैद्याने पाण्यातून ॲम्प्रोलियम दिलं. ते परजीवीचं ब-१ जीवनसत्त्व अडवून काम करतं, म्हणून त्या दिवसांत ब-१ असलेलं टॉनिक बंद ठेवायला सांगितलं. चांगल्या हेतूने दिलेलं टॉनिक औषधाची धार बोथट करतं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढलं, भांडी पाठीच्या उंचीला उचलली, आणि तलंगेने आठवड्याभरात पुन्हा वजन धरलं.

जमिनीशी हळूहळू, थोड्या प्रमाणात संपर्क आला की शरीर प्रतिकार शिकतं. जाळीचा टप्पा ओळखीसाठी असतो असं सगळे म्हणतात. माझ्या लेखी तो तितकाच आतड्यांसाठी असतो.

जाळीत वाट पाडली

चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला जाळीत खाली दोन अरुंद भोकं पाडली, मोठ्या कोंबडीची छाती अडेल आणि तलंग सहज निसटेल एवढीच. माप कागदावर ठरवता येत नाही. पट्टेरीला हातात धरून तिच्या छातीवरून ठरवलं. तलंगांच्या बाजूला त्यांचा दाणा आणि पाणी तसंच ठेवलं. आता मोठ्यांच्या बाजूला जायचं की नाही, कधी जायचं आणि किती वेळ, हे तलंगा ठरवणार होत्या. हा उपाय मी सर्वांत वर ठेवतो. पळून जाण्याची वाट तलंगेला स्वतःला माहीत असते आणि ती वापरून ती दिवसभरात शेकडो वेळा छोट्या-छोट्या हारी पत्करते, एकही रक्ताचा थेंब न सांडता.

पहिल्या संध्याकाळी ताई आणि मी बाहेर बसून बघत होतो. संध्याकाळ निवडली, कारण तासाभरात सगळ्यांना दांडीची ओढ लागते आणि भांडण लांबत नाही. काळीने पुढे आलेल्या तलंगेला एकदा टोचलं, ती निसटली, काळी वळून उकरायला लागली. पुन्हा एक टोच, पुन्हा तेच. पट्टेरीने तर दुर्लक्षच केलं.

पिच्छा पुरवला तो पांढरीने. तलंग आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी ही मागे, आडोशातून निघाली तरी मागे, भोकातून पलीकडे गेली तर जाळीशी उभी. ज्या कोंबडीची घरात सर्वांना दया यायची तीच. मला याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांत खालच्या कोंबडीला नव्यांकडून सर्वांत जास्त धोका असतो. तिच्याखाली कुणी आलं तर ती वर्षांनंतर पहिल्यांदा एक पायरी चढते, आणि नवी तिच्या वर गेली तर ती आणखी खाली दबते. वरच्या कोंबडीला एक टोच मारून विषय संपवता येतो, तिचा मान आधीच ठरलेला असतो. पाळणारे वरच्या कोंबडीवर नजर ठेवतात आणि खालची निसटते, हे मी इतरत्रही पाहिलं आहे.

कोणतं टोचणं चालू द्यायचं आणि कुठे हात घालायचा, याची रेघ आम्ही अशी आखली. टोच मारून थांबणं, चार पावलं धावणं, भांड्यावरून हुसकणं, छातीला छाती भिडवून एकदा उडणं, यात पडायचं नाही. मधेच उचललेल्या भांडणाचा निकाल लागत नाही आणि ते उद्या पुन्हा पहिल्यापासून होतं. पण खाली दाबून धरून टोचणं, दोघींनी मिळून एकीला कोंडणं, रक्त, किंवा दिवसभर कुणाला दाण्यापर्यंत पोचू न देणं, यातलं काहीही दिसलं की लगेच. पांढरीचा पाठलाग या दोहोंच्या मध्ये पडत होता. रक्त नव्हतं, पण एक तलंग संध्याकाळी अर्धवट भरल्या पोटी दांडीवर जात होती.

आधी साधे उपाय केले. पांढरी जिथे पहारा द्यायची तिथे आडवी फळी लावली, पालेभाजीची जुडी दोरीने टांगून ठेवली म्हणजे चोच तिकडे गुंतेल. फरक पडला, पुरेसा नाही. मग पांढरीला काही दिवस कळपाच्या नजरेआड, स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवलं. दाणा-पाणी, सावली, धुळीत लोळायला माती सगळं देऊन. हा उपाय मी जपून सुचवतो, कारण कोंबडीला एकटं ठेवणं तिला जड जातं. कळपापासून तुटलेली कोंबडी परतते तेव्हा तिची जागा सैल झालेली असते. इथे ती परतली तोवर तलंगा दुसऱ्या भांड्यापाशी स्थिरावल्या होत्या आणि पांढरीचं पहिलं लक्ष तांबड्यांशी पुन्हा जुळवून घेण्यात गेलं. तलंगांना ती अजूनही टोचायची. मागे लागायची नाही.

दांडीवर

रात्रीचं एकत्र झोपणं शेवटी आलं, सोळाव्या आठवड्यात, जेव्हा दिवसभर एकत्र वावरून झालं होतं. त्याही वेळी दोन्ही छोटी दारं पहाटे उजेडाआधी उघडली जातील अशी व्यवस्था केली. तलंगा पहिल्या काही रात्री अंड्याच्या खोक्यांत जाऊन बसल्या. तशी सवय लागली तर खोकी घाण होतात आणि पुढे अंडी जमिनीवर पडू लागतात. संध्याकाळी खोक्यांच्या तोंडांवर फळी लावायची, अंधार पडल्यावर तलंगांना हाताने उचलून नव्या दांडीवर ठेवायचं आणि सकाळी फळी काढायची, असं चाललं. त्यांना दांडी कळायला फार वेळ लागला नाही. अंधारात दांडीवर ठेवण्याची तीच कृती, जी पहिल्या वेळी फसली होती, इथे बिनबोभाट पार पडली. या वेळी सकाळी ओळख करून घ्यायला कुणी नवं नव्हतं.

या आठवड्यांत जुन्यांची अंडी कमी झाली. ताणाने अंडी घटतात आणि ताण ओसरला की परत येतात. एका तांबडीने मात्र पीसगळ सुरू केली, तिची अंडी बरीच उशिरा आली. पीसगळीतली कोंबडी अंगाने हळवी असते, नवी पिसं दुखतात, आणि ती क्रमात घसरते. त्या तांबडीला दोन तलंगांनी याच काळात मागे टाकलं. तिला भांड्यावर जागा मिळते आहे एवढं पाहिलं, बाकी मध्ये पडलो नाही.

अंडी सुरू झाल्यावर

अठराव्या आठवड्यानंतर तलंगांचे तुरे लाल होऊ लागले, मोठे झाले. हात पुढे केला की त्या पंख सैल करून खाली बसू लागल्या, अंडं जवळ आल्याची ही खूण. पहिलं अंडं एकविसाव्या आठवड्यात आलं. घरच्यांना वाटत होतं की आता शांतता कायमची. मी आधीच सांगून ठेवलं होतं की भांडणांची दुसरी फेरी याच वेळी येते. तुरा बदलला की ओळख बदलते, अंगात जोर येतो, आणि कालपर्यंत निसटणारी तलंग एखाद्या दिवशी जागची हलत नाही. ठिपकेवाली तलंग पट्टेरीशी दोन वेळा भिडली आणि हरली. तांबड्यांना तिने मागे टाकलं. या सगळ्यात जखम एकही झाली नाही, कारण हरणाऱ्या प्रत्येकीला जायला जागा होती.

काळी अजून सर्वांत वर आहे. पांढरी शेवटून दुसरी. तिच्याखाली आता ती आजारातून उठलेली लहान तलंग आहे, आणि ती दुसऱ्या भांड्यावर इतर तिघींबरोबर खाते. तिचं वजन महिन्यातून एकदा अजून करतात.

ताईंना पुढच्या वर्षी आणखी दोन-तीन हव्या आहेत. नव्वद फुटांच्या आवारात आणि छत्तीस फुटांच्या खुराड्यात नऊच्या वर एकही बसत नाही, म्हणून आधी खुराडं वाढवायचं ठरलं आहे. एक तांबडी दरवर्षी खुडूक बसते. तिच्याखाली अंडी उबवली तर पिल्लं पहिल्या दिवसापासून कळपाच्या नजरेसमोर, आईच्या पंखांआड वाढतील आणि जाळीच्या टप्प्यातलं बरंचसं काम ती करून टाकेल. पण आई पिल्लांना साधारण पाच ते आठ आठवड्यांत सोडते, आणि ती सोडेल त्या दिवशी पिल्लं पुन्हा लहान अंगाची नवखी असतील. म्हणून जाळीतली ती दोन भोकं बुजवलेली नाहीत.